बिन्नीचे टक्के आणि आपले तलाव

अमरावतीत दस्तुरनगर मागे टाकून पोहऱ्याच्या टेकड्यांच्या दिशेने निघाले, की छत्री तलाव लागतो. गेल्या पावसाळ्यात मी त्याच्या पाळीवर वही घेऊन उभा होतो. गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "भाऊ, पाळ पाह्याले आले का दिवे?" त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधताच हा लेख झाला.

छत्री तलाव १८८८ सालचा. तो आणि वडाळीचा तलाव, दोन्ही इंग्रजी अमलात शहराला आणि कॅम्पाला पाणी देण्यासाठी बांधले गेले. वऱ्हाड तेव्हा नावाने निजामाचे होते. १८५३ च्या तहापासून कारभार मात्र इंग्रजांकडे होता. आज अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी येते, तर अकोल्याला महानच्या काटेपूर्णेचे. जुन्या तलावांचे मूळ काम संपले आणि ते बगीचे झाले. माझ्या मते त्यांची उपेक्षा इथेच सुरू झाली. पिण्याच्या तलावाची पातळी रोज मोजली जाते. फिरायच्या तलावाचा फक्त काठ पाहिला जातो.

या तलावांमागचे शास्त्र समजून घ्यायचे तर नागपूरला जावे लागते. अलेक्झांडर बिन्नी हा इंग्रज इंजिनिअर १८६८ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात आला आणि नागपूरच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला लागला. त्याने १८६९ आणि १८७२ साली नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटर पाणलोटात पडलेला पाऊस आणि वाहून आलेले पाणी चिकाटीने मोजले. त्यातून निघालेले कोष्टक 'बिन्नीचे टक्के' म्हणून स्थापत्य अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आजही आहे. विदर्भात तलावात किती पाणी येईल, याचा अंदाज त्यावरून बांधत आले.

कोष्टक साधे आहे, पण त्यातला अर्थ कठोर आहे. वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यातला २९ टक्के, म्हणजे २३२ मिलिमीटर वाहतो. पाऊस ५०० वर आला, तर १५ टक्केच, म्हणजे ७५ मिलिमीटर. पाऊस निम्म्यानेही घटत नाही, पण तलावात येणारे पाणी एक तृतीयांशावर येते. कारण तहानलेली जमीन आपला वाटा आधी घेते. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडाने जे भोगले, त्याचे एक कारण या दोन आकड्यांत दिसते.

हाच बिन्नी पुढे लंडन काउंटी कौन्सिलचा मुख्य इंजिनिअर झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने स्वतःचा सल्लागाराचा व्यवसाय सुरू केला. म्हणजे सल्ला विकण्याआधी त्याने उन्हापावसात मोजमाप केले होते. दुसरे उदाहरण विश्वेश्वरय्यांचे. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले, तेव्हा निजाम सरकारने सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. घाट सुशोभित करा, एवढेच सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी शहराच्या वर, पाणलोटात पाहिले आणि तिथे पाणी अडवणारे जलाशय सुचवले.

आता आपल्याकडचे पाहा. काही वर्षांपूर्वी एका जुन्या तलावाच्या नूतनीकरणाचा प्रकल्प अहवाल माझ्या हाती आला. कारंजी, रंगीत दिवे, नौकाविहार, खाण्याचे स्टॉल यांची चित्रे पानोपानी होती. पाळीच्या मातीची तपासणी, सांडव्याची क्षमता आणि गाळाची खोली मिळून दीड पान. सल्लागाराचे मानधन खर्चाच्या टक्क्यांत ठरलेले होते. खर्च वाढला की मानधन वाढते, मग 'इथे बांधकाम नको' असे कोण सांगणार? बिन्नीच्या टक्क्यांची जागा या टक्क्यांनी घेतली.

याची किंमत नागपूरने मोजली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी वस्त्यांत घुसले. माणसे दगावली. एकोणिसाव्या शतकातल्या या तलावाभोवती आता शहर आहे. सिमेंटखालची जमीन पाणी पीत नाही. त्यामुळे बिन्नीचे कोष्टकही तिथे अपुरे पडते. मोजणी नव्याने करावी लागते.

म्हणून सल्लागार नेमू नये, असे मी म्हणत नाही. सव्वाशे वर्षे उलटलेल्या मातीच्या बांधाला जाणकाराची गरज आहेच. पण त्याच्याकडे आधी मोजमाप मागावे: गाळ किती साचला, पाळीतून पाणी झिरपते का, झाडांची मुळे कुठवर गेली, आजच्या पाणलोटातून किती पूर येईल आणि सांडवा तो पेलेल का. तपासणीचे मानधन ठरावीक असावे, बांधकामाच्या खर्चाशी न बांधलेले. आणि अहवाल मराठीत, सर्वांना वाचता येईल असा असावा.

त्या म्हाताऱ्याला मी म्हटले होते, "पाळच पाहायला आलो, बाबा." तो हसला आणि सांडव्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मंग तिकडून सुरू करा."