ऋणकल्पना आणि काल : दोडामार्ग परिसराच्या संदर्भात

काल ही केवळ क्षणांची मालिका मानली, तर जो माणूस आज समोर नाही त्याच्याविषयी कर्तव्य कसे उत्पन्न होते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. भारतीय परंपरेने त्याचे उत्तर ऋणकल्पनेतून दिले. ऋषी, देव आणि पितर यांची ऋणे जन्माबरोबरच येतात, असे तैत्तिरीय संहिता सांगते. शतपथ ब्राह्मणात त्यांत मनुष्यऋणाची भर पडते व ते अन्न आणि आश्रय देऊन फिटते. यांपैकी पितृऋणाची रचना विशेष लक्षणीय होय. ते पितरांना परत न देता संततीच्या रूपाने पुढे दिले जाते. धनको मागे आणि फेड पुढे, असा हा व्यवहार आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ एमान्युएल लेव्हिनास यानेही १९४६-४७ मधील व्याख्यानांत निराळ्या मार्गाने असे प्रतिपादिले की, एकाकी जीवाला काल नसतो. तो अन्य व्यक्तीशी असलेल्या संबंधातूनच प्राप्त होतो.

दोडामार्ग तालुक्यात या विचाराची दोन परस्परविरुद्ध उदाहरणे आढळतात. हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची गोड्या पाण्याची दलदल आहे. देवाच्या नावाने राखलेल्या राईमुळे ती टिकली, आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. राईत कुऱ्हाड न चालविण्याचा दंडक ज्यांनी पाळला, त्यांना त्याचा लाभ घेणारे कधी दिसणार नव्हते. पूर्वजांचे देणे येथे वंशजांच्या हाती पोचले.

दुसरे उदाहरण तिलारी धरणाचे. १९९० च्या करारान्वये महाराष्ट्र आणि गोवा यांनी हा संयुक्त प्रकल्प स्वीकारला व पाण्याचा मोठा वाटा गोव्याकडे गेला. पाट्ये, सरगवे, शिरंगे, आयनोडे, केंद्रे आदी गावे बुडित क्षेत्रात आली. गावाबरोबर शेत, राई आणि ग्रामदेवतेचे स्थान जाते. म्हणजे पूर्वजांशी असलेला संबंध ज्या भूमीच्या आधारे टिकतो, ती भूमीच जाते. इतरांच्या भविष्यासाठी या कुटुंबांनी आपला भूतकाळ दिला. त्यांचा नोकरीचा प्रश्न मात्र दोन दशकांहून अधिक काळ लोंबकळत राहिला व अखेरीस एकरकमी मोबदल्याच्या तोडग्यावर आला.

या दोहोंतील भेद कालाचा आहे. पितृऋण विलंब सोसते, किंबहुना विलंब हेच त्याचे स्वरूप होय; कारण ते पुढील पिढीलाच फेडावयाचे असते. मनुष्यऋणाचा धनको जिवंत असतो, तो वृद्ध होतो आणि मरतो. नोकरीचे वय उलटून गेल्यावर हाती आलेली रक्कम हिशेबात पूर्ण भरली, तरी गेलेली वर्षे तिच्यात येत नाहीत. म्हणून भावी पिढ्यांच्या हिताचा आधार घेणाऱ्या कोणत्याही योजनेची नैतिक कसोटी प्रथम समकालीनांच्या ऋणावर लागते. भविष्याचे देणे फेडताना वर्तमानातील शेजाऱ्याला वाट पाहावयास लावणे, हे ऋण फेडणे नव्हे. ते दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे होय.