पत्ता बदलला, नाव तेच

आजोबांनी जालन्याचे घर बांधले तेव्हा ते निजामाच्या राज्यात होते. १९४८ साली ते भारतात आले, १९५६ साली मुंबई राज्यात गेले, १९६० साली महाराष्ट्रात पोहोचले आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्हा सोडून जालना जिल्ह्यात दाखल झाले. एवढा प्रवास होऊनही भिंत इंचभर हलली नाही. पत्रावर 'नाना' असले की पोस्टमन बरोब्बर यायचा.

हीच अक्कल संगणकवाल्यांना १९८३ साली सुचली. तोवर जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांची नावे अमेरिकेतली एकच संस्था एकाच यादीत लिहीत असे. यंत्रे वाढली, यादी आवरेना. तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी ज्याची नावनिशी त्यानेच ठेवावी, अशी व्यवस्था आखली. तीच डीएनएस.

चिरंजीवांनी दिवाळीत असला एक तलाठी आमच्या फडताळातच बसवला. यंत्र पत्त्यांच्या कॅटाएवढं, पण पोटात घरातले सगळे जुने फोटो! "बाबा, यंत्राचा आकडा बदलला तरी नाव तेच राहतं. घरगुती जाळ्यांसाठी २०२४ साली 'इंटर्नल' हे आडनावच राखून ठेवलंय."

मी नाव सुचवले, 'नाना'.

परवा रस्ता खोदताना तार तुटली. गल्लीभर इंटरनेट बंद. मी 'नाना डॉट इंटर्नल' टाकले आणि टोपी घातलेले नाना घरासमोर उभे!

ही डोळे पुसत म्हणाली, "अहो, हयातीत एका हाकेला कधी ओ दिली नाही हो त्यांनी!"