चित्रातला पक्षी आणि खाडीतला पक्षी

जहांगीर बादशहाच्या पदरी उस्ताद मन्सूर नावाचा एक चित्रकार होता. बादशहाला फुलापाखरांचा आणि जनावरांचा मोठा शौक. नवे काही दिसले की मन्सूरला हुकूम व्हायचा, आणि मन्सूर ते हुबेहूब कागदावर उतरवायचा. सुमारे १६२५ सालचे एक चित्र आज रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. जाणकार ते मन्सूरचेच मानतात. त्या चित्राच्या मधोमध एक बोजड, आखूड पंखांचा पक्षी उभा आहे. तो डोडो. मॉरिशस बेटावरचा, उडता न येणारा. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानेही त्याच सुमारास सुरतेत दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे त्याच शतकात डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला. तो दिसायला कसा होता हे सांगणारी जी थोडी विश्वासू रंगचित्रे उरली, त्यांत मन्सूरचे हे चित्र पहिल्या मानाचे.

श्रोतेहो, या गोष्टीत कलेचे मोठेपण आहे आणि तिची मर्यादाही आहे. चित्राने डोडो आठवणीत ठेवला, पण तो वाचवला नाही. याच मन्सूरने सायबेरियन क्रौंचाचेही चित्र काढले होते. तो पांढराशुभ्र पक्षी हिवाळ्यात भरतपूरला यायचा. २००२ नंतर तोही तिथे आला नाही. आपल्याकडचा चित्ता घ्या. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत असत, आणि ‘चित्तेवान’ हे एका पेशाचे नावच होऊन बसले होते. १९४७ साली कोरिया संस्थानात, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये कुनोच्या जंगलात चित्ते सोडले खरे, पण ते नामिबियाहून आणावे लागले. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांत चित्त्यांची चित्रे व छायाचित्रे काही थोडी नव्हती.

मग चित्राचा उपयोग काय? उपयोग आहे, पण त्याला जोड लागते. ती जोड शिक्षणाची. आणि हे मुंबईला बरेच आधी उमगले होते.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. बाकीचे इंग्रज, आणि त्यांतले काही हौशी शिकारी. आपापले नमुने एकमेकांना दाखवावेत, टिपणे वाचावीत, एवढाच बेत. बंदूक आणि वही दोन्ही एकाच हातात होत्या म्हणा ना! पण वहीचे एक बरे असते. ती लिहिता लिहिता माणूस मोजू लागतो, आणि मोजू लागला की काय कमी होत चालले आहे ते त्याला दिसू लागते.

१९०८ साली खेतवाडीतला एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने मारलेली एक चिमणी घेऊन या सोसायटीत आला. चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता, तो कशाचा हे त्याला विचारायचे होते. सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलून दिले नाही. पक्ष्याचे नाव सांगितले, मग कपाटाचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. शिक्षण म्हणतात ते याला. मुलाच्या हातात मेलेला पक्षी होता, आणि बाहेर पडताना त्याच्या डोक्यात शेकडो जिवंत पक्ष्यांविषयी कुतूहल होते. याच मुलाने मोठेपणी, १९४१ साली, भारतीय पक्ष्यांवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक काढले. त्यातली रंगीत चित्रे पाहून साधा माणूससुद्धा खिडकीतल्या पाखराला नावाने ओळखू लागला. १९४८ मध्ये सोसायटीने शाळांसाठी निसर्गशिक्षणाची योजना सुरू केली.

प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, प्राणिविभागाचीही तीच कथा. तिथे काचेआड नुसती जनावरे मांडलेली नाहीत. मागे रानाचा देखावा रंगवलेला, पुढे गवत, दगड, झाडोरा. जनावर पाहायचे तर त्याचे घरही पाहायचे, हा धडा पाटी न वाचताही मनात उतरतो. घर गेले की जनावर जाणार, हेही मग वेगळे सांगावे लागत नाही.

आता विक्रोळीकडे येऊ. विक्रोळी म्हटले की कारखाने, चाळी, लोकलची गर्दी आणि पूर्व द्रुतगती मार्ग एवढेच डोळ्यांपुढे येते. त्या मार्गाच्या पलीकडे ठाण्याच्या खाडीपर्यंत खारफुटीचे रान पसरले आहे, हे पुष्कळ विक्रोळीकरांनाही ठाऊक नसते. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ साली विक्रोळीची जमीन लिलावात घेतली. पुढे तिथे कारखाने उभे राहिले, कामगारांची वसाहत झाली. पण खाडीकाठचे रान तोडून भराव घातला गेला नाही. १९८५ मध्ये तिथे सूनाबाई पिरोजशा गोदरेज यांच्या नावाने सागरी परिस्थितिकी केंद्र सुरू झाले, आणि सतराशे एकरांच्या आसपास खारफुटीचे रक्षण, संशोधन व शिक्षण हे काम रीतसर चालू लागले.

याच विक्रोळीच्या इतिहासात आणखी एक नोंद आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागलेल्या मतपेट्या इथल्या कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झाल्या. त्या वेळी देशात शंभरांत अठराच माणसे साक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवीत आणि तीवर त्याच्या निशाणीचे चित्र लावीत. बैलजोडी, झोपडी, दिवा. चित्र ओळखून निरक्षर शेतकऱ्याने राज्यकर्ते निवडले. चित्राची ताकद काय असते याचा याहून मोठा दाखला मला तरी सापडत नाही. जो वर्ग पोथीपुस्तकापर्यंत पोचला नव्हता, त्याला चित्राने कारभारात आणून बसवले. आता प्रश्न एवढाच, की ज्यांना मत नाही त्या पाखरांचे आणि झाडांचे काम चित्र करू शकेल का?

खारफुटीच्या बाबतीत हे काम अवघड आहे. वाघाचे चित्र काढले की मूल आपणहून पाहते. तिवराचे झाड दिसायला ओबडधोबड, पायाखाली चिखल आणि नाकाला वास. पुष्कळांच्या लेखी ती दलदल, म्हणजे राडारोडा टाकायची जागा. इथेच चित्र आणि शिक्षक दोघे लागतात. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी वर येतात. त्या मुळांवाटे झाड श्वास घेते, कारण चिखलात हवा नसते. खारे पाणी पिऊन हे झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. पान चाटून पाहिले तर खारट लागते. एवढे एकदा फळ्यावर काढून दाखवा, मग मुलाला चिखलात नेऊन पान चाटू द्या. त्या मुलाला ते झाड पुन्हा निरुपयोगी वाटणार नाही. विक्रोळीच्या केंद्रात शाळांच्या सहली, माहितीच्या पाऊलवाटा, चित्रतक्ते, मुलांसाठी सचित्र वाचन असे प्रकार चालतात, ते याच विचाराने. या रानात दोनशेच्या वर जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत, आणि कन्नमवार नगरच्या अंगाला अधूनमधून सोनेरी कोल्हाही दिसतो. शहरात कोल्हा! पुस्तकातल्या द्राक्षांच्या गोष्टीपलीकडे आपल्या मुलांना तो माहीत नसतो.

२६ जुलै २००५ च्या पावसाने सर्वांचे डोळे उघडले. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि नदीनाल्यांच्या मुखांशी खारफुटी बुजवल्याने काय होते याची चर्चा घरोघर झाली. त्यानंतर पुष्कळ गोष्टी घडल्या. २०१२ मध्ये राज्याच्या वनखात्यात खारफुटीसाठी स्वतंत्र कक्ष झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग, असा निर्वाळा दिला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरला. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर यादीत स्थान मिळाले. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे हे राज्यातले तिसरे स्थळ.

फ्लेमिंगोला आपण रोहित किंवा अग्निपंख म्हणतो. मोठा रोहित आणि छोटा रोहित असे दोघेही खाडीत येतात. त्यांतला छोटा जगाच्या यादीत संकटाच्या उंबरठ्यावर असलेला मानतात. चिखलावरचे सूक्ष्म शेवाळ हे त्याचे अन्न, आणि त्याचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. म्हणजे चित्रकार ज्या रंगावर भुलतो तो रंग मुळात खाडीचा.

आणि इथेच काळजीची गोष्ट सांगणे भाग आहे. रोहित पक्षी आता भिंतींवर, उड्डाणपुलांखाली, चौकांतल्या पुतळ्यांत सर्वत्र आहे. नवी मुंबई तर स्वतःला फ्लेमिंगोंचे शहर म्हणवते. पण २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या नेरूळच्या तळ्यात भरतीचे पाणी पोचेनासे झाले, आणि हे पक्षी रस्त्यांवर भरकटलेले लोकांनी पाहिले. त्याच वर्षी २० मे च्या रात्री घाटकोपरवर, विक्रोळीपासून हाकेच्या अंतरावर, उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि सुमारे ४० पक्षी वस्तीत मरून पडले. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, बुलेट ट्रेनच्या मार्गासाठी सुमारे २० हजार खारफुटीची झाडे तोडायला न्यायालयाने लोकहिताचा प्रकल्प म्हणून परवानगी दिली. रेल्वे हवी, विमानतळ हवा, हे कोणी नाकारीत नाही. पण दर वेळी खाडीनेच सरकून बसायचे, तर ती सरकून जाणार कुठे?

चौकातला पुतळा पाहून ‘आपल्या गावात रोहित आहे’ असे समाधान मानून आपण घरी जाऊ लागलो, तर ते चित्र पक्ष्याच्या उपयोगी पडले नाही, उलट त्याची उणीव झाकणारे झाले. मन्सूरच्या डोडोने आपल्याला हेच शिकवायला हवे. बादशहाच्या दरबारात ते चित्र पाहून वाहवा झाली असेल. पण हा पक्षी कुठून आला, तिथे किती उरले, हे कुणी विचारल्याची नोंद नाही. १९०८ च्या त्या मुलाने मात्र विचारले होते.

म्हणून माझ्या शिक्षकबंधूंना आणि पालकांना एक सुचवावेसे वाटते. चित्रकलेच्या तासाला रोहित काढायला सांगाल तेव्हा तो कोऱ्या कागदावर एकटा उभा करू नका. त्याच्या पायाखालचा चिखल, मागचे तिवर, भरतीची रेषाही काढायला लावा. नंतर हिवाळ्यात एकदा ऐरोलीच्या किंवा विक्रोळीच्या बाजूने मुलांना खाडीवर न्या, आणि आपल्या चित्रातले काय तिथे आहे, काय नाही, ते वहीत लिहून आणायला सांगा. दर साली हेच करा. पाचदहा वर्षांच्या अशा वह्या एका शाळेच्या कपाटात जमल्या, तर कुठल्या साली किती पक्षी होते आणि भरतीचे पाणी कुठवर येत होते याचा लेखी पुरावा विक्रोळीपाशी राहील. उद्या खाडीबद्दल कुणी निर्णय घ्यायला बसेल, त्या वेळी तो पुरावा टेबलावर ठेवता येईल.