नाखवा : खाडीने दिलेले आडनाव

इंग्लंडात स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, मिलर म्हणजे गिरणीवाला. आपल्याकडेही काझी, खतीब, अत्तार, तांबोळी, शिकलगार ही आडनावे कामावरूनच पडली. ठाणे-कल्याणच्या खाडीशी जवळचे नाते सांगणारे असेच एक आडनाव म्हणजे नाखवा.

मूळ फारसी शब्द 'नाखुदा'. यातला 'ना' म्हणजे नाव, होडी. फारसीतली नाव आणि मराठीतली नाव एकाच मुळातून आल्या आहेत. 'खुदा' म्हणजे इथे धनी, मालक. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी. कधी तो स्वतः जहाज हाकी, कधी फक्त त्याचा मालक असे.

हा शब्द ठाण्यात किती जुना आहे? कैरोच्या जुन्या ज्यू प्रार्थनास्थळात व्यापाऱ्यांच्या पत्रांचा मोठा साठा सापडला. त्यात बाराव्या शतकातले एक पत्र आहे. एडनचा ज्यू नाखुदा महरूज याने ते आपल्या मेहुण्याला लिहिले. मेहुण्याचे जहाज भारताच्या किनाऱ्यावर चाच्यांनी लुटले होते. महरूज त्याला कळवतो की पैसे लागले तर ठाण्यात नाखुदा तिंबू आहे, माझ्या नावावर त्याच्याकडून घे, आमची भावाभावासारखी दोस्ती आहे. तिंबू हा भारतीय असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे एक नाखुदा ज्यू, दुसरा इथला. पुढे १२६४ मध्ये होर्मुझच्या नुरुद्दीन फिरोज या मुस्लिम नाखुद्याने सोमनाथजवळ वेरावळला मशीद बांधली. तिचा लेख अरबीत आहे आणि संस्कृतातही आहे.

शब्द फारसी, पण धंदा सगळ्यांचा होता. म्हणूनच आजही नाखवा हे आडनाव कोकणी मुसलमानांत आहे आणि कोळ्यांतही आहे. कोळीवाड्यात होडीच्या प्रमुखाला नाखवाच म्हणतात. सारंग हेही असेच, फारसी 'सरहंग'वरून आलेले.

मग खाडीतला हा धंदा मागे का पडला? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत धावू लागली. गलबतातून जाणारा माल हळूहळू डब्यांत चढला, पुढे रस्त्याने जाऊ लागला आणि खाडी गाळाने भरत गेली. नाखव्यांची नातवंडे गिरणीत, गोदीत, कचेरीत गेली. जहाज गेले, आडनाव राहिले.

आता तेही जाऊ लागले आहे. गाव सोडून शहरात आलेल्या काही मुस्लिम घरांत मुलांच्या दाखल्यावर जुने आडनाव न लिहिता सरसकट 'शेख' किंवा 'खान' लिहिले जाते. त्यात गैर काही नाही, पण एक पुरावा मात्र हातचा जातो. 'तुम्ही मुसलमान, मग आडनाव मराठी कसे?' असे कुणी विचारले, तर नाखवा या एका शब्दात आठशे-नऊशे वर्षांचे उत्तर आहे. या खाडीवर आमचे वाडवडील आणि कोळ्यांचे वाडवडील एकाच भरतीच्या वेळा पाहून होड्या सोडत होते.

घरातले जुने सातबारे, निकाहनामे, शाळेचे दाखले एकदा काढून बघा. त्यावर जे आडनाव असेल, ते निदान मुलांना सांगून ठेवा.