वेलँडच्या टेबलावरचं पत्र

17 डिसेंबर 1859. मॅसॅच्युसेट्समधलं वेलँड गाव. दार लोटून हळूच आत या. टेबलाशी सत्तावन्न वर्षांच्या लिडिया मारिया चाइल्ड पत्र लिहीत बसल्या आहेत. टाक दौतीत बुडतो, कागदावर करकरतो, पुन्हा बुडतो. शेजारच्या दिव्यात तेल त्यांनीच भरलं आहे. स्वयंपाक, केरवारे, सगळं त्यांच्याच हातचं. 1829 साली काटकसरीच्या संसारावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक घरोघरी गेलं होतं. 1833 साली त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि त्याच घरांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्या चालवत असलेल्या मुलांच्या मासिकाची वर्गणीसुद्धा पालकांनी भराभर बंद केली.

तुम्ही त्यांच्या खांद्यामागे उभे राहा. पत्र कुणाला चाललंय ते कळायला दोन महिने मागे जावं लागेल.

ऑक्टोबरात जॉन ब्राउनने गुलामांना सोडवण्यासाठी व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला आणि तो जखमी होऊन पकडला गेला. लिडियाबाईंनी तुरुंगात त्याला पत्र लिहिलं: शस्त्र उचलणं मला पटत नाही, पण तुमच्या जखमांची शुश्रूषा करायला मी येते. हे पत्र त्यांनी व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांमार्फतच पाठवलं! ब्राउनने नम्रपणे नको म्हटलं. त्यापेक्षा माझ्या घरच्यांसाठी आता पन्नास सेंट आणि पुढे दरवर्षी तेवढेच द्या, असं कळवलं. फाशीची वाट पाहणारा माणूस पन्नास सेंटांचा हिशेब मांडतो, तो वाचताना माझा गळा दाटून येतो. 2 डिसेंबरला त्याला फाशी झाली.

मधल्या काळात ही पत्रं वर्तमानपत्रांत छापून आली होती. ती वाचून सिनेटर जेम्स मेसन यांच्या पत्नी संतापल्या. पळालेल्या गुलामांना धरून मालकाच्या हवाली करण्याचा 1850चा कायदा लिहिणारे ते हेच मेसन. मेसनबाईंनी लिडियाबाईंना नरकाची भीती घातली आणि विचारलं: आम्ही गुलाम बायकांच्या आजारपणात उशाशी बसतो, बाळंतपणात धावून जातो, तुम्ही तुमच्याकडच्या गरिबांसाठी एवढं करता का?

आता टेबलावर आहे ते त्याचं उत्तर. पानामागून पान भरतंय. बायबलातली वचनं, गुलामगिरी चालणाऱ्या दक्षिणेतलेच कायदे, दक्षिणेतल्याच लोकांच्या साक्षी. त्यांचंच माप त्यांच्या पदरात. मग बाळंतपणाच्या मुद्द्यापाशी या. अडलेल्या बाईला मदत मिळाली नाही असं इकडे मी कधी पाहिलं नाही, त्या लिहितात. आणि आई सुटल्यावर आम्ही तिचं मूल विकत नाही.

या वाक्यापाशी थांबा. लिडियाबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. दयाळूपणाचा सगळा दिखावा त्यांनी एका बाळंतिणीच्या खाटेशी उघडा पाडला, आवाज न चढवता. पुढे हा पत्रव्यवहार अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटीने पुस्तिका म्हणून छापला आणि तिच्या तीन लाख प्रती गेल्या. पण त्या आधी हे एका बाईने दुसरीला लिहिलेलं पत्र होतं, आणि त्याचं बळ मला त्यातच दिसतं.

आता पाच वर्षं पुढे सरका. 1864 सरतंय, देश यादवी युद्धात पोळतोय, आणि लिडियाबाई वर्षभराच्या कामाची यादी करताहेत. वाकून वाचा. पत्रं लिहिली 235. वर्तमानपत्रांसाठी लेख 6. मुक्त झालेल्या बायकांसाठी शिवणाच्या सुया ठेवायची पाकिटं 25. दिवसाची मुख्य जेवणं रांधली 360, न्याहाऱ्या 362. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर झाडलं 350 वेळा. मृत्युपत्रही केलं. सगळं एकाच यादीत, एकाखाली एक.

आणि खाली पाहा: दिव्यात तेल भरलं, 362 वेळा.