सर्पगंधेची नोंद : डॉ. रुस्तम जाल वकील यांचे जीवनकार्य

आज धाराशिव शहरात ज्या घरात रक्तदाबाची गोळी नाही, असे घर क्वचितच सापडेल. गादीवर बसून दिवसभर व्यवहार करणाऱ्या आपल्या व्यापारी वर्गात तर ही गोळी सकाळच्या चहाइतकीच नित्याची झाली आहे. परंतु रक्तदाब औषधाने आटोक्यात ठेवता येतो, हे जगाला पटण्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत, परळच्या एका महापालिका रुग्णालयात घडले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या प्रकरणाचे नायक हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील (१९११-१९७४) होत. त्यांच्या कार्याचा अल्प परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या काळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. ऐंशी वर्षांपूर्वी वाढलेल्या रक्तदाबावर भरवशाचे औषध नव्हते. विश्रांती, मीठ वर्ज्य करणे, केवळ भात व फळांवर राहणे किंवा पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंची अवघड शस्त्रक्रिया, एवढेच उपाय होते. वाढलेला दाब ही शरीराची गरजच आहे, त्याला हात लावू नये, असे मानणारे नामांकित डॉक्टरही होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निवर्तले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० व १९० इतका मोजला गेला होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान पुरुषाला जे औषध मिळू शकले नाही, त्याचे मूळ भारताच्या जंगलात उगवत होते.

डॉ. वकील ज्या संस्थेशी जोडले गेले, ती परळची केईएम, अर्थात किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय आणि त्यास संलग्न सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. ही संस्था १९२६ मध्ये सुरू झाली. तिच्या जन्मकथेत विश्वस्तांच्या दृष्टीने मोठा बोध आहे. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरिष्ठ जागा बहुधा इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत. सेठ गोरधनदासांच्या विश्वस्तांनी महापालिकेस महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली, की येथील अध्यापक हे पात्रताप्राप्त भारतीयच असावेत आणि ते सरकारी सेवेतील नसावेत. इमारतीवर नाव कोरून घेणारे दाते पुष्कळ असतात. येथे दात्यांनी नावाबरोबर स्वाभिमानही कोरून घेतला. डॉ. जीवराज मेहता हे या संस्थेचे पहिले अधिष्ठाता. पुढे १९६० मध्ये ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. ही अट नसती, तर परळच्या वॉर्डातून भारतीय डॉक्टरांचे स्वतंत्र संशोधन इतक्या लवकर उभे राहिले असते का, याचा विचार सुज्ञ वाचकांनी करावा.

मुंबईच्या पारशी समाजात जन्मलेल्या रुस्तम वकिलांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी मिळविली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ते मायदेशी परतले आणि मुंबईत हृदयरोगाकडे वळले. विलायतेतून उच्च पदवी घेऊन आलेल्या डॉक्टराने देशी मुळीच्या गोळीकडे ढुंकूनही पाहू नये, अशी त्या काळची रीत होती. डॉ. वकिलांनी ती पाळली नाही.

सर्पगंधा ही आपल्या देशाला शतकानुशतके परिचित वनस्पती आहे. सर्पदंश, निद्रानाश आणि वेड यांवर तिच्या मुळाचा उपयोग होत असे. बिहारकडे तर तिला वेडावरील औषध म्हणूनच ओळखत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या वैद्यकांनी ती वेडाप्रमाणेच रक्तदाबावरही गुणकारी असल्याचे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्या मुळांतील द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलिन’ असे नाव दिले. १९३४ मध्ये हिमालय ड्रग कंपनीने ‘सर्पिना’ या नावाने तिच्या गोळ्या बाजारात आणल्या.

म्हणजे माल होता, गिऱ्हाईक होते, गुणही येत होता. मग उणीव कशाची होती? आपल्या परिभाषेत सांगायचे, तर परक्या पेढीनेही मान्य करावी अशा खतावणीची. अमक्याला गुण आला, तमक्याला झोप लागली, ही तोंडी हुंडी गावात चालते. परमुलखात वटत नाही. किती रुग्णांना औषध दिले, आधी दाब किती होता, नंतर किती झाला, किती दिवसांनी झाला, कोणाला गुण आला नाही आणि त्रास कोणता झाला, हे सारे लिहिलेले असावे लागते.

डॉ. वकिलांनी नेमके हेच केले. सुमारे दहा वर्षे त्यांनी सर्पगंधेचा रुग्णांवर उपयोग केला आणि त्यांतील पन्नास रुग्णांचा तपशीलवार अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. बहुसंख्य रुग्णांचा दाब हळूहळू उतरला होता. आजच्या कसोटीने पन्नास ही संख्या लहान आहे. तथापि हृदयरोगतज्ज्ञ जे नियतकालिक वाचत, त्यात भारतीय मुळीची जमाखर्चासह नोंद प्रथमच झाली.

त्या नोंदीचा परिणाम दूरवर झाला. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचून हे औषध मागविले आणि आपल्या रुग्णांत तोच अनुभव घेतला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातील मुख्य गुणकारी द्रव्य वेगळे केले. तेच रेसर्पिन. १९५६ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार केले. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेतील अत्यंत प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मनोविकारांवरील नव्या औषधांसाठी गौरविलेले अन्य देशांचे संशोधक त्या वर्षी त्यांच्या पंक्तीला होते. पुढच्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील डोपामिनविषयीच्या त्यांच्या मूलभूत प्रयोगांत सशांना प्रथम रेसर्पिनच दिले होते.

खऱ्या अध्यापकाचे काम सन्मानाने संपत नाही. रुग्णाला तपासून, त्याची लक्षणे वाचून निदान कसे करावे, या विषयावर डॉ. वकिलांनी डॉ. गोलवाला यांच्यासह लिहिलेला ग्रंथ विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासला. १९६९ मध्ये असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया या संस्थेचा वैद्यकशास्त्राचा बृहद्ग्रंथ त्यांच्या संपादनाखाली निघाला. भारतीय रुग्णांचे आजार भारतीय तज्ज्ञांनी भारतीय विद्यार्थ्यांना शिकवावेत, या भूमिकेतून साकारलेला हा ग्रंथ नव्या नव्या आवृत्त्यांनी आजही वापरात आहे.

इतिहास लिहिताना नावेची बाजूही दाखविली पाहिजे. रेसर्पिनमुळे काही रुग्णांना, विशेषतः मात्रा अधिक असल्यास, उदासीनता येते, असे १९५० च्या दशकातच आढळून आले. नाक चोंदणे, पोटाचे विकार बळावणे अशाही तक्रारी होत्या. सप्टेंबर १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात एकाच वेळी आलेल्या तीन अभ्यासांनी या औषधाचा स्तनांच्या कर्करोगाशी संबंध असावा, अशी शंका मांडली. त्याच वर्षी डॉ. वकील निवर्तले. नंतरच्या अभ्यासांत ती शंका त्या प्रमाणात टिकली नाही; परंतु तोवर अधिक सोयीची औषधे आली होती आणि रेसर्पिन मागे पडले.

जमेची बाजू मात्र पुसली गेली नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर झालेला अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरी औषधे, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या दिल्या होत्या. निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांत २७ गंभीर घटना घडल्या. औषध घेणाऱ्यांत अवघ्या दोन. रक्तदाब उतरविल्याने प्राण वाचतात, हे येथे निर्विवाद ठरले. त्या औषधी मिश्रणातील तीन घटकांपैकी एक रेसर्पिन होते. आज आपण घेतो ती गोळी वेगळी असली, तरी ती रोज घेण्यामागचा विश्वास या हिशेबावर उभा आहे.

आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मागणी वाढताच जंगलातील सर्पगंधा बेसुमार खणली गेली आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. मूळ उपटले की झाडच संपते, हे कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या आपल्या समाजाला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. निसर्गाकडून घेतले, तर लागवड करून परत देण्याचे कर्तव्यही त्यासोबत येते.

परळची ही परंपरा एका व्यक्तीपुरती राहिली नाही. त्याच केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी शवासनाची अशीच परीक्षा घेतली. औषध न घेणारे, औषधाने दाब आटोक्यात असलेले आणि औषध घेऊनही दाब न उतरलेले अशा तीन गटांतील ४७ रुग्णांना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमित शवासन शिकविले. पहिल्या गटाचा दाब उतरला, दुसऱ्याची औषधाची गरज घटली आणि तिसऱ्यात परिणाम संमिश्र दिसला. १९६९ मध्ये हे निष्कर्ष अमेरिकेतील ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात छापून आले. योगाचा गौरव करणारे लाखो आहेत. ज्यांना गुण आला नाही त्यांचाही आकडा छापणारे विरळा. शवासनाच्या भरवशावर परस्पर गोळी बंद करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी तिसरा गट अवश्य लक्षात ठेवावा.

धाराशिवच्या वाचकांना हे सारे सांगण्यास कारण आहे. वर्षानुवर्षे आपल्या जिल्ह्यातील गंभीर रुग्ण सोलापूर किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे धाव घेत आले. २०२२ मध्ये आपल्याच शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे उपचार जवळ आले, हे खरेच. परंतु शिकविणारे रुग्णालय गावात येणे याचा अर्थ याहून मोठा आहे. अवर्षणाच्या या प्रदेशात, आपल्या आहारात आणि आपल्या कष्टांत हृदयरोग कसा जडतो, याची खतावणी आता येथेच मांडता येईल. ती मांडणारा अध्यापक मिळाला, तर त्याला प्रयोगशाळा, ग्रंथ आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्याचे काम समाजाचे आहे. आणि रुग्ण म्हणून आपले काम त्याहून सोपे आहे : गोळी कधी चुकली, झाडपाला कोणता घेतला, हे डॉक्टरांपासून न लपविता सांगणे. परळच्या त्या पन्नास रुग्णांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांच्या दाबाचे आकडे कोणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आणि त्याचा लाभ देशोदेशीच्या रुग्णांना झाला.