वाट उघडी होती तेव्हा

१९७२ च्या उन्हाळ्यात टोनी आणि मॉरीन व्हीलर हे ब्रिटिश जोडपं एका जुन्या मिनीव्हॅनमधून लंडनहून निघालं. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं, गाडी ६५ पौंडांत मिळाली होती. युरोप, तुर्कस्तान, इराण पार करत ते काबूलला पोचले. तिथे गाडी विकून टाकली आणि पुढे बस, रेल्वे, जे मिळेल त्यातून पूर्वेकडे सरकत राहिले. बाली बेटावरून एका शिडाच्या नौकेतून ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला लागले आणि रस्त्यावरच्या गाड्यांना हात करत करत २६ डिसेंबरला सिडनीत दाखल झाले, तेव्हा दोघांत मिळून २७ सेंट शिल्लक होते. पाठीवर पिशवी टाकून जग बघायला निघणाऱ्यांच्या इतिहासात ही गोष्ट आरंभकथेसारखी सांगितली जाते. ती सांगताना भर असतो तो दोघांच्या धाडसावर. ते धाडस खरंच होतं. पण लंडन ते काठमांडू आणि गोवा या वाटेचा इतिहास नीट पाहिला तर दिसतं की खिशात २७ सेंट उरणं ही मजेची आठवण ठरली, त्यात त्या जोडप्याइतकाच वाटेचा वाटा होता. परक्या मुलखात पैसे संपणं, आजारी पडणं, गाडी बंद पडणं या गोष्टी कुणालाही चुकत नाहीत. त्या फजितीवर निभावतात की माणसाला उद्ध्वस्त करतात, हे आजूबाजूला काय उभं आहे त्यावर ठरतं. १९५७ च्या सुमारापासून १९७९ पर्यंत या वाटेवर ते सगळं उभं होतं.

आधी साधा रस्ताच घ्या. १५ एप्रिल १९५७ रोजी ‘इंडियामॅन’ नावाची बस वीस प्रवासी घेऊन लंडनहून सुटली आणि ५ जूनला कलकत्त्याला पोचली. भाडं ८५ पौंड. परतताना तिला ठरल्यापेक्षा सोळा दिवस जास्त लागले. त्या काळात अफगाणिस्तानातला प्रवास म्हणजे धूळ, खडक आणि नदीपात्रातून गाडी काढणं. दहा वर्षांत चित्र पालटलं आणि ते पालटलं शीतयुद्धामुळे. अफगाणिस्तान कुणाच्याच गोटात नव्हतं, म्हणून दोन्ही महासत्ता त्याला आपल्याकडे ओढू पाहत होत्या. सोव्हिएत मदतीतून हेरात ते कंदाहार काँक्रीटचा रस्ता झाला, १९६४ मध्ये सालंगचा बोगदा खुला झाला. अमेरिकेच्या पैशातून कंदाहार ते काबूल हा जवळपास ४८० किलोमीटरचा रस्ता १९६६ पर्यंत डांबरी झाला. रणगाड्यांचा आणि मालाचा हिशेब मनात धरून बांधलेल्या या रस्त्यांवरून पाच-सहा वर्षांतच लंडनच्या भंगारात काढण्याजोग्या व्हॅन धावू लागल्या. व्हीलर जोडप्याची गाडी काबूलपर्यंत टिकली याचं श्रेय तिच्या इंजिनाला द्यायला हरकत नाही, पण त्याखालच्या काँक्रीटलाही द्यायला हवं. हा रस्ता सलग मात्र नव्हता. इस्तंबूलचा बॉस्फरसवरचा पहिला पूल ऑक्टोबर १९७३ मध्ये खुला झाला. तोवर युरोपातून आशियात येणारी प्रत्येक गाडी फेरीबोटीवर चढवावी लागे. ब्रह्मदेशाची सीमा परदेशी प्रवाशांना बंदच होती, म्हणून भारताच्या पुढे जायचं तर तेवढा टप्पा विमानाने किंवा बोटीने ओलांडावा लागे.

रस्त्याइतकाच महत्त्वाचा होता पासपोर्ट. ब्रिटिश नागरिकाला भारतात यायला १९८४ पर्यंत व्हिसा लागत नसे, कारण तो राष्ट्रकुलातला. म्हणजे काबूलहून खैबर खिंड उतरून लाहोरमार्गे येणाऱ्या जोडप्याला सीमेवर शिक्का मारून घेतला की काम झालं. आता हीच वाट उलट्या दिशेने पाहावी. त्याच वर्षांत मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या तरुण जोडप्याने पश्चिमेकडे जायचं ठरवलं असतं तर? परकीय चलनाच्या टंचाईमुळे सहलीला जाणाऱ्या भारतीयाला जवळपास आठ डॉलर सोबत नेता येत, त्यापुढे रिझर्व्ह बँकेची परवानगी आणि परदेशप्रवासासाठीचा तिचा पी-फॉर्म. पासपोर्ट मिळवणं हेच एक काम होतं. १९६२ च्या कायद्यानंतर ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या लोकांसाठीही दार अरुंद केलं होतं. मराठीत प्रवासवर्णनं उदंड झाली. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या परदेशप्रवासातून ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ आली, ती याच काळात, १९६० आणि १९६३ मध्ये. पण खिशात काही नसताना सहा देश पार करणाऱ्या मराठी जोडप्याचं पुस्तक त्या पिढीत आपल्याला आठवत नाही. हौस आपल्याकडे कमी होती म्हणून हे घडलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. आठ डॉलर घेऊन घराबाहेर पडलेल्या माणसाला इस्तंबूलमध्ये ताप आला, तर त्याच्या मदतीला कोण येणार होतं? उलट युरोपीय प्रवाशाच्या हातातले थोडे पौंड काबूलमध्ये आठवडेच्या आठवडे पुरत. अगदी कफल्लक झाला तरी दूतावासाचं दार ठोठावता येई. दूतावास त्याला मायदेशी परत धाडे आणि खर्च नंतर वसूल करे. साहसाला लागणारी हिंमत दोन्हीकडच्या तरुणांत होती, तिची किंमत मात्र दोघांना वेगवेगळी पडत होती.

तिसरी गोष्ट म्हणजे वाटेवरची माणसं, आणि प्रवाशांच्या आठवणींत तिची नोंद सर्वांत कमी झाली आहे. इस्तंबूलच्या सुलतानअहमत चौकाजवळ १९५७ मध्ये चोलपान बंधूंनी एक खाणावळ काढली. तिच्या गोड पदार्थांमुळे परदेशी पोरं तिला ‘पुडिंग शॉप’ म्हणू लागली. तांदळाची थंड खीर, चहा, आणि भिंतीवर एक फळा. फळ्यावर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या: तेहरानपर्यंत गाडीत दोन जागा आहेत, पेट्रोलचा खर्च वाटून घ्यायचा, अमक्या मैत्रिणीने इथे थांबावं, मी पुढे गेलो आहे. हरवलेली माणसं इथे एकमेकांना सापडत. पुढे काबूलला चिकन स्ट्रीट, काठमांडूला झोंछे हे असेच अड्डे झाले. त्याखेरीज अफगाणिस्तानातले चायखाने होते, पंजाबातले गुरुद्वारे आणि त्यांचे लंगर होते, उत्तर भारतातल्या धर्मशाळा होत्या. या संस्था शेकडो वर्षं यात्रेकरूंसाठी आणि व्यापारी तांड्यांसाठी चालत आलेल्या. पाहुणा कोण, कुठला, हे न विचारता त्याला पथारी आणि भाकरी द्यायची, हा त्यांचा धर्म. स्वस्त प्रवास ही पश्चिमेची निर्मिती असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की दिवसाला काही पैशांत राहता-जेवता यावं ही सोय या मुलखाने आधीच करून ठेवली होती. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून पणजीला जाणाऱ्या बोटीतही हेच घडलं. कोकणातल्या बंदरांवर थांबत जाणारी ती बोट चाकरमान्यांची. वळकट्या आणि ट्रंका घेऊन डेकवर रात्र काढणाऱ्या कुटुंबांची. गोव्याला निघालेली परदेशी पोरं त्याच डेकवर, त्याच तिकिटात, त्यांच्या शेजारी झोपून गेली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. रस्ते सगळ्यांसाठी होते, पासपोर्ट लाखोंकडे होते. मग निघाले ते थोडेच का? त्यांच्या अंगी काही वेगळं होतंच ना? होतं. व्हीलर जोडप्याचं वेगळेपण मात्र मला त्यांच्या प्रवासापेक्षा त्यानंतर त्यांनी जे केलं त्यात दिसतं. सिडनीत लोक त्यांना तेच तेच विचारत: कसे आलात, किती खर्च आला, सीमेवर काय होतं? दोघांनी उत्तरं लिहून काढली आणि १९७३ मध्ये ९६ पानांची एक पुस्तिका छापली, ‘अ‍ॅक्रॉस एशिया ऑन द चीप’. घरच्या टेबलावर पानं लावायची, दुमडायची, पिना मारायच्या, आणि गठ्ठा उचलून पुस्तकांच्या दुकानात न्यायचा. पहिल्या १५०० प्रती लगेच संपल्या आणि त्यातून लोनली प्लॅनेट हे प्रकाशन उभं राहिलं. पण हे दोघं तरी पहिले नव्हतेच. लंडनच्या बिट या संस्थेतून आशियाच्या वाटेची टिपणं आधीपासून वाटली जात, आणि ती भरत ती परतलेल्या प्रवाशांच्या पत्रांतून. एकाला कुठल्या पाण्याने कावीळ झाली, एकाची कुठे लुबाडणूक झाली, हे पुढच्याला कळे. एकाच्या फजितीने दुसऱ्याचा त्रास वाचवण्याचा हा व्यवहार पुडिंग शॉपच्या फळ्यावर सुरू झाला होता. व्हीलर यांनी त्याला बांधणी दिली. म्हणजे त्यांचं खरं कर्तृत्वही एकट्याच्या साहसातलं नाही, वाटेवरच्या सामाईक शहाणपणातलं आहे.

दुसरा आक्षेप असा की ही वाट राजकारणाने नव्हे, विमानाने संपवली. १९७० नंतर जम्बो विमानं आली, भाडी उतरली. कोण महिनाभर धूळ खात जाईल? हे अर्धंच खरं आहे. गोव्याला येणारे पुढे विमानाने येऊ लागले हे खरं, पण सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत लंडनहून बसगाड्या सुटतच होत्या. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत भारत-पाकिस्तान सीमा बंद झाली, तेव्हाही वाट अडली होती आणि सीमा उघडल्यावर पुन्हा वाहू लागली होती. तिचा अंत झाला तो एका वर्षात: फेब्रुवारी १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती, डिसेंबरमध्ये अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा. ज्या रस्त्यांचं काँक्रीट सोव्हिएत अभियंत्यांनी ओतलं होतं, त्यावरून आता सोव्हिएत रणगाडे दक्षिणेकडे निघाले. १९८४ मध्ये भारताने राष्ट्रकुलातल्या नागरिकांनाही व्हिसा लावला. २००३ मध्ये अमेरिकेच्या पैशातून काबूल-कंदाहार रस्ता पुन्हा डांबरी झाला, पूर्वीपेक्षा गुळगुळीत. पण त्यावरून जुनी व्हॅन घेऊन कुणी जोडपं आलं नाही. वाटेतल्या चायखान्यात परक्या पाहुण्याला रात्रभर ठेवून घेणं, हे तोवर यजमानाच्याच जिवावर बेतणारं झालं होतं.